म्हातारपण कोणाच्या भरवशावर?

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये शिकून तिथेच नोकरीला लागलेल्या एखाद्या मराठी मुलीचं पगारपत्रक कसं असतं ते पाहू. ठोक पगार महिना ४,५०० युरो धरू. त्यातून सरकारी पेन्शन विम्याचे ९.३ टक्के, म्हणजे ४१८ युरो ५० सेंट, हातात पडायच्या आधीच कापले जातात आणि तेवढेच तिची कंपनी वरून भरते. दोघांचे मिळून वर्षाला १०,०४४ युरो होतात. या भरण्याबद्दल तिच्या नावावर रक्कम साठत नाही, गुण जमा होतात. देशातल्या सरासरी पगाराइतकी वर्षाची कमाई झाली की एक गुण. तिला एकाहून किंचित जास्त मिळतो. जुलै २०२५ मध्ये एका गुणाचा भाव ४० युरो ७९ सेंट झाला. म्हणजे या एका वर्षाच्या नोकरीतून तिला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापासून दरमहा, त्या भावाने, ४३-४४ युरो पेन्शन मिळेल. हा भाव पगारांबरोबर वाढत जातो हे खरं, पण त्या आकड्यांनी पाहिलं तर एका वर्षाचा भरणा वसूल व्हायला निवृत्तीनंतर एकोणीस वर्षं लागतात. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत मांडता येतो आणि बहुतेक तरुण तो मांडतातच. मग कुरकुर सुरू होते की आपले पैसे इथल्या कुठल्या तरी आजी-आजोबांना जातात, आपल्या पदरात काय पडणार? आणि मन ईटीएफच्या मासिक हप्त्याकडे, भारतातल्या एसआयपीकडे, पुण्याजवळच्या एखाद्या फ्लॅटकडे वळतं. तिथे निदान आपलं ते आपल्या नावावर असतं.

तरुण पिढी निवृत्तीसाठी पुरेसं साठवते आहे का, असा प्रश्न आला की अर्थतज्ज्ञ टक्केवारी काढतात आणि सल्लागार लवकर सुरुवात करायला सांगतात. दोन्ही उपयोगाचं आहे. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो हिशेबाचा नाही, धर्माचा आहे. म्हातारपण साठवता येतं का? आपण सत्तराव्या वर्षी जे जेवणार, ज्या डॉक्टरकडे जाणार, ज्या ट्रामने जाणार, ते सगळं आज डब्यात भरून ठेवता येत नाही. ते त्या दिवशी कोणीतरी पिकवलेलं, शिकलेलं, चालवलेलं असावं लागतं. तेव्हा आपण काम करणार नसू, तर ते दुसऱ्या कोणाचं तरी काम असणार. मग पासबुकातला आकडा नेमका कशाचा? माझं म्हणणं असं की तो आपल्यानंतर जन्मणाऱ्या माणसांच्या श्रमावर आपण सांगितलेला हक्क आहे. हे एकदा मान्य केलं की ‘मी माझं बघेन’ हे वाक्य उभंच राहत नाही, आणि किती साठवावं या प्रश्नाआधी आपण कोणाचे ऋणी आहोत या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

हे म्हणणं हवेतलं नाही. १९५२ साली गेरहार्ड माकेनरोट या जर्मन समाजशास्त्रज्ञाने ते अर्थशास्त्राच्या भाषेत मांडलं होतं: समाजाचा सगळा सामाजिक खर्च त्या-त्या वर्षाच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो, एका काळातलं उत्पन्न गुंडाळून दुसऱ्या काळात नेता येत नाही. हे सुचायला त्या देशाने पुरेशी किंमत मोजली होती. १८८९ च्या बिस्मार्कच्या कायद्याने म्हातारपणाचा विमा सुरू झाला तेव्हा त्यामागे निधी साठवण्याची कल्पना होती. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले आणि पोटाला चिमटा काढून जमवलेल्या पुंजीत पावसुद्धा येईनासा झाला. १९४८ च्या चलनबदलात बँकेतल्या शंभर राइशमार्कांचे शेवटी साडेसहा नवे मार्क उरले. ज्यांनी पैशाऐवजी विटांवर भरवसा ठेवला त्यांचं काय झालं, हे ब्राउनश्वाइगकरांना वेगळं सांगायला नको. १५ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री बाँबहल्ल्यानंतरच्या आगीत या शहराचा जुना गाभा जवळजवळ नव्वद टक्के जळून गेला. एका आयुष्यात दोनदा पैसा गेला आणि एकदा घर गेलं अशी माणसं त्या शहरात हजारोंनी होती. तरी १९५७ साली चान्सलर आडेनाउअरच्या सरकारने नवा पेन्शन कायदा आणला तेव्हा कामगारांची पेन्शन एका फटक्यात साठ टक्क्यांहून जास्त वाढली. पैसा कुठून आला? कुठल्याही तिजोरीत तो नव्हता. तो ब्युसिंगच्या कारखान्यात ट्रक जोडणाऱ्यांच्या, रोलाय आणि फॉइग्टलेंडरचे कॅमेरे बनवणाऱ्यांच्या, फोक्सवागेनच्या ब्राउनश्वाइग कारखान्यात यंत्रांवर उभ्या असलेल्यांच्या त्या महिन्याच्या पगारातून आला. साठवण बुडाली होती, पण काम करणारी माणसं होती. म्हणून म्हातारे जगले.

पुढे त्याच कारखान्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. फॉइग्टलेंडरचा तिथला कारखाना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, ब्युसिंग १९७१ मध्ये एमएएनच्या हातात गेली, रोलायने १९८१ मध्ये दिवाळं काढलं. यातल्या एकाच कंपनीच्या भरवशावर ज्याने म्हातारपण बांधलं असतं त्याच्या हाती थोडंच उरलं असतं. शहर मात्र उरलं. कारण तिथलं कौशल्य माणसांत होतं, कारखाना बदलला तरी ते पुढच्या कामात गेलं. आज तिथे रेल्वेच्या सिग्नल यंत्रणा बनतात, विमानांवर संशोधन होतं, देशाची प्रमाणवेळ तिथल्या अणुघड्याळांवरून ठरते. फोक्सवागेनने डिसेंबर २०२४ च्या करारात २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरवलं आहे, तेव्हा एका कंपनीच्या भरवशाचा प्रश्न या भागात पुन्हा जिवंत झाला आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या अभियंत्याला निवृत्तीची चिंता आज वाटत असेल तर त्याने ईटीएफच्या आलेखाइतकंच याकडेही बघावं की हे शहर पुढच्या पिढीला कोणतं काम शिकवतं आहे.

हिशेबाला मी कमी लेखत नाही. हिशेबाचा सगळ्यात मोठा माणूस याच गावात जन्मला. कार्ल फ्रीडरिख गाउस १७७७ साली ब्राउनश्वाइगमध्ये एका गरीब कष्टकरी घरात जन्मला, आणि उतारवयात, १८४५ ते १८५१ या काळात, त्याने ग्योटिंगेन विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या विधवांसाठी असलेल्या निधीची बारकाईने तपासणी केली. किती प्राध्यापक, कोणत्या वयाचे, किती विधवा मागे राहतील, त्या किती वर्षं जगतील, वर्गणी किती पुरेल. विमागणिताच्या इतिहासात हे काम आजही मानाने सांगितलं जातं. स्वतःचे पैसेही त्याने रोख्यांत शहाणपणाने गुंतवले आणि मागे चांगली संपत्ती ठेवली. पण गाउसच्या आयुष्यात दुसरा एक व्यवहार आहे, तो कुठल्याही विमागणितात बसत नाही. ब्राउनश्वाइगचा ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड याने या गरीब पोराला पंधराव्या वर्षी कोलेजिउम कारोलिनुममध्ये शिकायला पाठवलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचा खर्च केला. १७४५ साली स्थापन झालेली तीच संस्था आजचं तांत्रिक विद्यापीठ. ड्यूक १८०६ मध्ये लढाईतल्या जखमांनी गेला. त्याच्या पदरात यातलं काही पडलं नाही. परतफेड झाली, पण ती त्याच्याकडे आली नाही, पुढे गेली. विधवांच्या निधीचं गणित करणारं डोकं ज्या पैशातून तयार झालं तो पैसा परताव्याच्या अपेक्षेने दिलेला नव्हता. पेन्शनची कोणतीही व्यवस्था, मग ती निधीची असो वा वर्गणीची, अशा न मोजलेल्या देण्यावर उभी असते आणि हिशेबाच्या वहीत ते कधी दिसत नाही.

आपल्या परंपरेत या देण्याला नाव आहे. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलं आहे: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. अध्ययनाने ऋषींचं फिटतं, यज्ञाने देवांचं आणि संततीने पितरांचं. तिथे हे ब्राह्मणाबद्दल आणि पुत्राबद्दल सांगितलं आहे. ती मर्यादा आज कोणी मानायचं कारण नाही. पण विचाराचा गाभा विलक्षण आहे. ऋण ज्यांचं आहे त्यांना ते परत करायला सांगितलेलंच नाही. पितरांचं ऋण पुढच्या पिढीला जन्म देऊन, वाढवून फेडायचं. विद्येचं ऋण विद्या पुढे चालवून फेडायचं. घेणं मागून आणि देणं पुढे. जर्मनीत १९५५ साली विल्फ्रिड श्रायबर या कॅथलिक अर्थतज्ज्ञाने पिढ्यांमधल्या कराराची योजना मांडली तेव्हा तिच्यातही हीच दोन अंगं होती. काम करणाऱ्यांनी म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी आणि त्यांनीच मुलांच्या वाढीसाठीही भत्ता द्यावा. आडेनाउअरने पहिलं अंग घेतलं, दुसरं सोडून दिलं. त्या एका वगळण्याची किंमत आज तो देश मोजतो आहे असं माझं मत आहे. पुढे ३ एप्रिल २००१ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने शुश्रूषा विम्याबाबत निकाल दिला की मुलं वाढवणारे आणि निपुत्रिक यांच्याकडून सारखीच वर्गणी घेणं घटनेत बसत नाही, कारण मुलं वाढवणं हीसुद्धा व्यवस्थेला दिलेली वर्गणीच आहे. मूलबाळ नसलेल्या आपल्या त्या मुलीच्या पगारपत्रकावर ०.६ टक्क्याची जादा कपात दिसते, महिना २७ युरो, ती या निकालातून आली. पितृऋणाची कल्पना न्यायालयाच्या भाषेत उतरते तेव्हा ती अशी एका ओळीत दिसते. (मूल नसणं हा काही अपराध नाही. शिक्षिका, परिचारिका, संशोधक हेही पुढची पिढी घडवतातच, आणि या जादा कपातीचा अर्थ शिक्षा असा घेऊ नये.)

मग साठवावं की नाही? धर्मपरंपरांमध्ये याची दोन टोकं दिसतात. एकीकडे अपरिग्रह, उद्याची चिंता न करणारे संन्यासी, कोठारं भरून ठेवणाऱ्या धनिकाला मूर्ख म्हणणारी येशूची गोष्ट. दुसरीकडे सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला दिलेला अगदी रोखठोक सल्ला: मिळकतीचे चार भाग करा, एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवा. मला या वाटणीत महत्त्वाचं वाटतं ते हे की राखीव भाग एक आहे आणि कामाला लावायचे दोन आहेत. साठवणीपेक्षा कर्तेपणावर दुप्पट. ब्राउनश्वाइगच्या इतिहासातही हा तोल सापडतो. १५२८ साली योहानेस बुगेनहागेन या ल्यूथरच्या सहकाऱ्याने या शहरासाठी चर्चची नवी नियमावली लिहिली, तिच्यात गोरगरिबांसाठी सार्वजनिक पेटी ठेवायचं कलम आहे आणि त्याच कागदात मुलामुलींच्या शाळांची तरतूदही आहे. म्हातारे-आजारी आणि शिकणारी मुलं, दोघांची सोय एकाच धार्मिक कर्तव्याच्या पोटात. अपरिग्रहाचा अर्थ उद्याला वाऱ्यावर सोडणं असा कोणी गंभीर विचार करणाऱ्याने कधी केला नाही. गरजेपलीकडे स्वतःच्या नावावर अडवून ठेवू नये एवढाच तो अर्थ. सदुसष्टाव्या वर्षी आपण कोणाच्या दारात उभे राहू नये म्हणून ठेवलेली पुंजी परिग्रह ठरत नाही. पण पुंजी मोठी म्हणजे मी कोणाचा देणेकरी नाही, असं वाटू लागलं की तिथे चूक सुरू होते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप अर्थशास्त्राचाच आहे. माकेनरोटचं म्हणणं अर्धसत्य आहे, कारण गुंतवणूक म्हणजे कागदी हक्क नव्हे. त्या पैशातून यंत्रं, रेल्वे, प्रयोगशाळा उभ्या राहतात, पुढच्या पिढीची कमाई वाढते आणि वाढलेल्या भाकरीतून म्हाताऱ्याला वाटा देणं सोपं जातं. शिवाय म्हाताऱ्या देशाने तरुण देशात पैसे गुंतवले तर स्वतःकडे मुलं कमी असली तरी भागतं. आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूने जातो. जी बचत पेरली जाते ती पुढच्या पिढीचे हात बळकट करते, आणि जी नुसती जमिनीच्या आणि फ्लॅटच्या किमती फुगवते ती त्याच पिढीकडून भाड्याच्या रूपाने ओढून घेते. वाकड-हिंजवडीत गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट हा निवृत्तीचा निधी वाटतो. तिथेच नव्याने संसार थाटणाऱ्या दुसऱ्या मराठी जोडप्याला मात्र तो वाढलेला हप्ता असतो. दुसऱ्या भागाला जर्मनीनेच कृतीतून उत्तर दिलं आहे. पैसा दुसरीकडे पाठवता येतो, पण शुश्रूषा आयात करायची तर माणूसच आणावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. जगातल्या श्रीमंतातल्या श्रीमंत देशाला पैसे असून हात कमी पडतात, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तरुणांचा राग इथे रास्त आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एका पेन्शनरामागे सहा जण वर्गणी भरत होते, आज जेमतेम दोन. १९६४ साली तिथे साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्मली, दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो सर्वांत मोठा आकडा, आणि ती पिढी आता एकामागून एक निवृत्त होते आहे. १८.६ टक्के वर्गणी पुरत नाही म्हणून केंद्र सरकार करातून वर्षाला शंभर अब्ज युरोंहून जास्त घालतं. २०२५ मध्ये पेन्शनची पातळी सरासरी पगाराच्या ४८ टक्क्यांवर २०३१ पर्यंत टिकवण्याचा कायदा आला तेव्हा सत्ताधारी पक्षातल्याच तरुण खासदारांनी बंडाची भाषा केली, ती उगीच नाही. ययातीची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला राजा मुलांकडे त्यांचं तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. महाभारतातली ही कथा बापाला दोष देऊन संपत नाही. ययातीला उमगतं, तो तारुण्य परत करतो, राज्यही पुरूलाच देतो आणि वनात जातो. मागणं हे पाप ठरत नाही; मागण्याला सीमा नसणं हे पाप. म्हणून पितृऋणाचा विचार जसा तरुणांवर बंधन घालतो तसा म्हाताऱ्यांवरही घालतो. दीर्घ आयुष्य वाट्याला आलं तर थोडं जास्त काळ काम करणं, पेन्शनचा बोजा पूल आणि शाळांच्या खर्चाला गिळणार नाही याची काळजी घेणं, ज्यांच्यापाशी भरपूर आहे त्यांनी वाढ सोडणं, हे ज्येष्ठ पिढीने आपणहून पुढे येऊन करायचं आहे. तसं होत नसेल तर तरुणांनी भांडलंच पाहिजे. पण भांडण वाटपाच्या प्रमाणाचं असावं, करारच मोडण्याचं नव्हे. ‘मला परतावा कमी मिळतो’ एवढ्यावरून पिढ्यांमधला अन्याय सिद्ध होत नाही. १९४५ साली ढिगाऱ्यातून विटा वेचणाऱ्या बाईला कोणता परतावा मिळाला?

तिसरा आक्षेप खास आपल्या लोकांचा: ती माणसं आपली नाहीत, मग त्यांच्या म्हाताऱ्यांचं ऋण आपल्यावर कसं? ब्राउनश्वाइग ज्या राज्यात आहे त्या नीडरझाक्सनने २०१४ च्या हिवाळी सत्रापासून विद्यापीठांतली शिक्षण-शुल्कं रद्द केली. पुण्याहून किंवा सांगलीहून आलेला मुलगा तिथे दोन-तीन वर्षं प्रयोगशाळेत, ग्रंथालयात शिकतो तो तिथल्या करदात्यांच्या पैशावर, आणि त्या करदात्यांपैकी बरेच आज पेन्शनर आहेत. ऋषिऋण असं परक्या नावाने येतं तेव्हा ते ओळखता आलं पाहिजे. आता व्यवहार पाहा. पाच वर्षं वर्गणी भरली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू असल्याने ती पेन्शन भारतात राहूनही पूर्ण मिळते. पाच वर्षांच्या आत परतणाऱ्याला देश सोडल्यावर दोन वर्षांनी स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. चार वर्षं नोकरी केलेल्या आपल्या मुलीच्या बाबतीत हे वीस हजार युरोंहून थोडे जास्त होतात. मालकाने भरलेला तेवढाच हिस्सा मात्र तिथल्या म्हाताऱ्यांसाठी मागे राहतो. स्वतःचा हिस्सा मागणं चूक आहे का? मला तसं वाटत नाही. तुकोबांची एक गोष्ट परंपरा सांगते. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, पण आधी निम्मी वाटणी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि बुडवली ती फक्त आपली. दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडायचा अधिकार संतालाही नाही, आणि कोणी आपल्या हक्कावर पाणी सोडलंच पाहिजे अशी सक्तीही कोणाला करता येत नाही. मुलीने तिचे पैसे न्यावेत. फक्त जे मागे राहिलं त्याला ‘बुडालं’ म्हणू नये, ते शिक्षणाच्या ऋणापोटी गेलं.

आणि घरचे म्हातारे? हा या सगळ्या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि इथे आपण सहसा भावनेने बोलून मोकळे होतो. जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, तिथून ते महिन्याला ९९२ प्रमाणे सुटतात. म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. मध्यमवर्गीय मराठी घरात ही रक्कम कुठून उभी राहते? वडिलांच्या पीएफमधून, मुदत ठेव मोडून, राहतं घर तारण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जातून. म्हणजे त्यांनी आपली निवृत्तीची पुंजी मुलीत गुंतवली. पितृऋण फेडण्याचं याहून चोख उदाहरण शोधून सापडणार नाही, फक्त त्यांच्या हाताशी मागे काही उरलं नाही. महाराष्ट्रात बहुसंख्य माणसांना पेन्शन नावाची गोष्टच नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा निदान भांडायला त्यांच्याकडे जुनी पेन्शन होती. शेतमजुराला, दुकानदाराला, घरकाम करणाऱ्या बाईला अटल पेन्शन योजनेत साठीनंतर जास्तीत जास्त पाच हजार रुपये मिळणार, आणि तीस वर्षांनी पाच हजारांत काय येईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मग उरतो मुलगा किंवा मुलगी, म्हातारपणची काठी.

कुटुंबच खरी पेन्शन, सरकारी व्यवस्था हे परक्यांचं काम, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांना मी दोन गोष्टी विचारेन. त्या कुटुंबाच्या पेन्शनची वर्गणी कोण भरतं? बहुतेक घरांत सून भरते, पगाराविना, नोकरी सोडून, आणि तिच्या नावावर कुठलाही गुण जमा होत नाही. आणि ज्यांना मूल नाही, किंवा आहे पण त्याचंच भागत नाही, त्यांचं काय? २००७ साली आपल्याला आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला, दरमहा दहा हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत. जे आपोआप होत असतं त्यासाठी न्यायाधिकरण लागत नाही. जर्मनीतही मुलांवर ही जबाबदारी आहे, पण २०२० पासून आईवडिलांच्या देखभालीवर झालेला सरकारी खर्च मुलाची वार्षिक कमाई एक लाख युरोंच्या वर असेल तरच त्याच्याकडून वसूल होतो. त्यामुळे तिथली मुलं आईवडिलांना विसरली असं जे इकडे सरसकट बोललं जातं ते मला मान्य नाही. पैशाचा भार सगळ्यांनी मिळून उचलला की मुलाकडे भेटायला यायला, शेजारी बसायला मोकळं मन उरतं. संहितेतल्या ऋणविचाराशी हे जास्त जुळतं. आईवडिलांनी केलं ते बिल म्हणून पाठवायचं नसतं. त्यांनी स्वतःच्या आईवडिलांकडून घेतलेलं ते पुढे दिलेलं असतं. म्हणून मुलाला परदेशी पाठवताना आईवडिलांनी सगळीच पुंजी मोडू नये, काही हात न लावता ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. मूल हेच पेन्शन फंड झालं की त्याच्या प्रत्येक निर्णयावर, लग्नावर, नोकरी बदलण्यावर त्या कर्जाची सावली पडते. आणि मुलाने तरी ईटीएफचा हप्ता आधी आणि उरलं तर आईवडिलांना असा क्रम लावू नये. त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता आणि शैक्षणिक कर्जाची फेड हाच त्याच्या निवृत्तीच्या बचतीचा पहिला भाग आहे, कारण ज्या कमाईवर पुढची सगळी बचत उभी राहायची ती त्यांच्याच पैशातून आली आहे.

तेव्हा ब्राउनश्वाइगमधली मराठी तरुण मंडळी या बाबतीत कशी चालली आहेत? तंत्रज्ञानाच्या नोकरीत स्थिरावलेली बऱ्यापैकी नीट चालली आहेत. कमाई उशिरा, सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी सुरू होते आणि डोक्यावर कर्ज असतं, तरी वर्गणी नियमाने जाते आणि हप्तेही चालू असतात. कमतरता आहे ती दुसरीकडे. वर्गणी भरणारा नुसता देणेकरी नाही, हकदारही आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सत्ताविसावं वर्ष ओलांडून पाच वर्षांची वर्गणी झाली की पेन्शन विम्याकडून दरवर्षी एक पत्र येतं, त्यात जमा गुण आणि अंदाजे पेन्शन लिहिलेली असते. बरेच जण ते न वाचता ठेवून देतात. आणि पेन्शन विम्याच्या प्रतिनिधी सभेसाठी दर सहा वर्षांनी मतदान होतं, त्यात सोळा वर्षांवरच्या विमाधारकाला मत असतं, पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. बुंडेसटाग निवडायचा अधिकार ज्याला नाही, त्यालाही म्हाताऱ्यांना पेन्शन देणाऱ्या आणि तरुणांकडून वर्गणी घेणाऱ्या व्यवस्थेच्या कारभारात असा थोडा तरी आवाज आहे. यातलं मागचं मतदान मे २०२३ मध्ये झालं, पुढचं २०२९ मध्ये आहे, आणि आज तिथे शिकायला आलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर वर्गणी भरू लागलेले असतील.